‘रामदास’ आगबोट : कार्यकाल आणि अंत

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट अर्ध्या तासाच्या आसपास काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि तिच्याबरोबर सहाशेहून अधिक माणसे बुडाली. पश्चिम किनाऱ्यावरील प्रवासी वाहतुकीच्या इतिहासात इतका मोठा अपघात क्वचितच झाला असेल. असे असूनही या घटनेचा विचार बहुधा दोन टोकांनी झालेला दिसतो : एकीकडे दैवाचा घाला म्हणून, तर दुसरीकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या आठवणींचा विषय म्हणून. आगबोट म्हणजे एक यंत्र, वाहतूक म्हणजे एक व्यवस्था आणि अपघात म्हणजे त्या दोहोंची कठोर परीक्षा, या दृष्टीने पाहिल्यास ‘रामदास’च्या कहाणीत दोन स्वतंत्र प्रश्न आढळतात. बोट का उलटली, हा पहिला प्रश्न होय. आणि बोट उलटल्यावर इतकी माणसे का मेली, हा दुसरा. सामान्यतः हे दोन्ही प्रश्न एकच समजले जातात. वस्तुतः पहिल्याचे उत्तर काही मिनिटांत घडलेल्या गोष्टींत आहे, तर दुसऱ्याचे उत्तर त्यानंतरच्या काही तासांत आणि त्यापूर्वीच्या अनेक वर्षांत शोधावे लागते.

किनाऱ्यावरील आगबोटींची वाहतूक

कोकणची भूरचना पाहिली म्हणजे या प्रदेशास समुद्रमार्गाची गरज का होती हे ध्यानात येते. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची चिंचोळी पट्टी पश्चिमवाहिनी नद्यांनी व त्यांच्या खाड्यांनी आडवी चिरलेली आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यास दर काही कोसांवर एखादी खाडी अडवी, आणि पूल होईपर्यंत तेथे तरीवर अवलंबून राहणे भाग असे. मुंबईहून अलिबागेस जमिनीवरून जावयाचे तर ठाणे, पनवेल, पेण असा वळसा घालून शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावे लागे. कारण ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पूल १९७० नंतरच्या दशकातला आहे. याउलट बंदर ओलांडून रेवसला उतरणे हे सुमारे दीड तासाचे काम होते. रेवस हे धरमतरच्या खाडीच्या मुखाशी वसलेले बंदर. अलिबाग तालुक्यातील माणसांना मुंबई हे शेजारचे गाव वाटावे, इतका हा मार्ग जवळचा होता.

दक्षिणेकडील हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांनाही आगबोटी जात. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्यास लागत नसे. खोल पाण्यात ती उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर नेले जाई. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा कोकणी मजूर, त्याने घरी धाडलेला पैसा, परतताना त्याच्यासोबत आलेली तांदळाची वा आंब्याची गाठोडी, हे सारे याच मार्गाने ये-जा करी. पावसाळ्याच्या तोंडावर दक्षिणेकडील फेऱ्या बंद पडत. मुंबई बंदरातील जवळच्या फेऱ्या मात्र पावसाळ्यातही चालू राहत, कारण हे पाणी बंदराच्या आतले, म्हणून सुरक्षित, असा समज रूढ होता. ‘रामदास’ ज्या मार्गावर नष्ट झाली तो मार्ग याच समजाखाली येत होता, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

या वाहतुकीत विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीच्या भावनेचाही शिरकाव झाला. तुतिकोरीन येथे चिदंबरम् पिळ्ळे यांनी १९०६ मध्ये स्वदेशी आगबोट कंपनी काढली. मुंबई किनाऱ्यावरही त्याच प्रेरणेने इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी उभी राहिली. सामान्य लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ असे आपुलकीने म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावे देण्याची प्रथा होती. डोंगरातून उतरून बंदरावर येणाऱ्या भाविक उतारूस इंग्रजी नावाच्या बोटीपेक्षा तुकाराम, रामदास ही नावे जवळची वाटत. आणि किनाऱ्यावरील ख्रिस्ती उतारूंसाठी ख्रिस्ती संतांची नावेही योजण्यात आली होती. नाव हेही येथे स्पर्धेचे एक साधन होते.

या किनाऱ्यास आगबोटींचे अपघात अपरिचित नव्हते. नोव्हेंबर १९२७ मधील वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. पण तो अपघात उघड्या समुद्रात, मोठ्या वादळात झाला होता. त्यापासून बंदरातील फेरीविषयी काही बोध घ्यावा असे फारसे कोणास वाटले नसल्यास ते अस्वाभाविक म्हणता येत नाही.

बोटीची रचना व काम

‘रामदास’ १९३६ मध्ये स्वान हंटर या ब्रिटनमधील नामांकित जहाजबांधणी कंपनीत बांधण्यात आली. तिची लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट आणि तिचा टनभार ४०६ इतका दिला जातो. तिच्यावर एक हजाराहून थोडे अधिक उतारू नेण्याची परवानगी होती. बुडाली त्या वेळी ती अवघी अकरा वर्षांची होती. आगबोटीच्या आयुष्यात हे वय म्हातारपणाचे नव्हे. म्हणून जुनाट, गंजलेली बोट समुद्रात सोडली असा निष्कर्ष या प्रकरणात काढता येत नाही.

किनारी प्रवासी बोटीच्या बांधणीत काही तडजोडी अटळ असतात. खाड्यांच्या मुखाशी गाळाचे दांडे असतात व पाणी उथळ असते. म्हणून बोटीचा पाण्याखालील भाग कमी खोल ठेवावा लागतो. उतारू हा तिचा मुख्य माल. आणि उतारू तळघरात बसण्यास नाखूश असतो, त्यास वारा व उजेड हवा असतो. त्यामुळे माणसांचा बहुतेक भार वरच्या डेकांवर राहतो. ये-जा जलद व्हावी म्हणून बाजू मोकळ्या ठेवाव्या लागतात. या तिन्ही गोष्टी बोटीच्या उपयुक्ततेच्या आहेत, आणि या तिन्ही तिच्या स्थैर्याच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत. मालवाहू जहाजात तळाशी ठेवलेले धान्य किंवा कोळसा जहाजास खाली ओढून धरतो व नीट बांधून ठेवल्यास जागचा हलत नाही. उतारू हा वर बसणारा आणि स्वतःच्या इच्छेने हलणारा भार आहे.

१७ जुलैची सकाळ

त्या दिवशी आषाढी अमावास्येचा, म्हणजे लोकभाषेत गटारीचा, सुमार होता. श्रावणापूर्वी घरी जाऊन यावे म्हणून निघालेले नोकरदार व मजूर, बाजारहाट आटोपून परतणारी मंडळी आणि लहान व्यापारी यांची बोटीवर दाटी होती. उतारू व खलाशी मिळून सातशे ते आठशे माणसे बोटीवर होती असे निरनिराळ्या वृत्तान्तांवरून दिसते. आकड्यांत ही तफावत राहण्याचे कारण उघड आहे : तिकिटांची संख्या मोजता येते, परंतु उतारूंची नावनिशी घेतली जात नसे आणि विनातिकीट चढलेलेही काही होते. ज्यांची नोंद नव्हती त्यांची गणती मृत्यूनंतरही पुरती होऊ शकली नाही. सहाशे पंचवीसपासून सातशेच्या जवळपास असे मृतांचे वेगवेगळे आकडे आजही सांगितले जातात.

बोट सकाळी आठच्या सुमारास सुटली. आकाश ढगाळलेले होते व पाऊस होता, पण पावसाळ्यातील सकाळ म्हणून त्यात विशेष काही नव्हते. धक्क्याच्या आडोशातून ती बाहेर पडली व दक्षिणेकडे वळली, तशी वाऱ्याची व लाटांची तीव्रता वाढत गेली. साडेआठनंतर काश्याच्या खडकाजवळ ती पोहोचली असता मोठी लाट बोटीवर आदळली. पाणी डेकवर आले, बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस धावले, आणि त्यापाठोपाठ आलेल्या लाटेने बोट उलटली. हे सर्व थोड्या मिनिटांत घडले.

बोट का उलटली

तरंगणाऱ्या वस्तूवर दोन बले कार्य करतात. वस्तूचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. हटविलेल्या पाण्याचा दाब बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर उचलतो. बोट कलली म्हणजे बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, वर उचलणारे बल कललेल्या बाजूस सरकते, आणि ही जोडी बोटीस पुन्हा सरळ करू पाहते. वर उचलणाऱ्या बलाची रेषा बोटीच्या मध्यरेषेस जेथे छेदते त्या बिंदूस मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्यापासून हा बिंदू जितका उंच, तितकी बोट सरळ होण्यास तत्पर. वरच्या डेकांवर माणसे वाढली की गुरुत्वमध्य वर चढतो, हे अंतर घटते, आणि बोट ‘मऊ’ होते. अशी बोट सावकाश झुलते व उतारूंना सुखकर वाटते. पण एका मर्यादेपलीकडे कलल्यावर परत येण्याची शक्ती तिच्यात उरत नाही.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका बोटीचे एकूण वजन ६०० टन आहे आणि वरील अंतर ६० सेंटिमीटर आहे. तिच्यावरील सहाशे उतारूंचे सरासरी वजन ५० किलोग्रॅम धरल्यास उतारूंचा भार ३० टन होतो, म्हणजे बोटीच्या वजनाचा अवघा विसावा भाग. हे सर्वजण मध्यापासून ३ मीटर एका बाजूस सरकले, तर केवळ तेवढ्यानेच बोट सुमारे १४ अंश कलेल. यात वारा नाही, लाट नाही, आत आलेले पाणी नाही. त्याच क्षणी लाटेने आणखी तितकेच झुकविले, तर मोकळ्या बाजूची कड पाण्याखाली जाईल. डेकवर आलेले पाणीही स्थिर राहत नाही; ते खालच्या बाजूस धावते आणि माणसांच्या भारात भर घालते. रुंद, मोकळ्या डेकवर घोटाभर पाणीदेखील धोकादायक ठरते ते याच कारणाने.

आता मार्गाचा विचार करावा. मुंबई बंदराचे मुख नैर्ऋत्येकडे उघडे आहे आणि पावसाळ्याचा वारा व समुद्राची उसळ याच दिशेने येते. धक्क्यापासून काही अंतर बोटीस कुलाब्याच्या भूमीचा आडोसा मिळतो. तो सुटल्यावर दक्षिणेस जाणाऱ्या बोटीच्या उजव्या अंगावर लाटा आडव्या आदळतात. बोटीचे नाक लाटेस देता आले तर तिची लांबी उपयोगी पडते. लाट आडवी आली तर २९ फुटांची रुंदी हाच तिचा आधार. म्हणजे नकाशावर बंदराच्या आत दिसणारा हा मार्ग पावसाळ्यात काही भागापुरता उघड्या समुद्राच्या गुणाचा होता. बंदरातील फेरी म्हणून तिला मिळालेली सवलत भूगोलावर नव्हे, नावावर आधारलेली होती.

उतारूंची संख्या परवानगीपेक्षा कमी होती, हा मुद्दा येथे विशेष विचारार्ह आहे. प्रवासी क्षमता मुख्यतः डेकच्या क्षेत्रफळावरून ठरविण्याची पद्धत असे. क्षेत्रफळ हे माणसे किती मावतील ते सांगते. ती सर्व एका बाजूस धावली तर काय होईल हे सांगत नाही. शिकागो येथे २४ जुलै १९१५ रोजी ‘ईस्टलंड’ ही प्रवासी आगबोट धक्क्यास बांधलेली असताना, शांत नदीत, आडवी झाली आणि ८४४ माणसे मरण पावली. तेथे लाट नव्हती, वादळ नव्हते. वरच्या डेकांवर दाटलेले उतारू व वरचढ भार एवढेच कारण पुरेसे ठरले. त्यात विशेष हे, की ‘टायटॅनिक’च्या अपघातानंतर सुरक्षिततेसाठी वाढविलेल्या जीवरक्षक नौकांनी तिचा वरचा भार आणखी वाढविला होता. त्या अपघातास बत्तीस वर्षे लोटल्यावर ‘रामदास’ बुडाली.

माणसे का वाचली नाहीत

येथवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. उत्तर अटलांटिकमध्ये ‘टायटॅनिक’चे बहुसंख्य उतारू थंडीने मेले, त्या पाण्यात माणूस फार वेळ तगणे शक्य नव्हते. जुलै महिन्यात मुंबईजवळच्या समुद्राचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा पाण्यात फळकुटाचा किंवा जीवरक्षक कड्याचा आधार मिळालेला माणूस अनेक तास जिवंत राहू शकतो. बोट उलटताना तिच्याखाली सापडलेल्यांना वाचविणे अशक्यच होते. परंतु जे पाण्यावर राहिले त्यांच्या बाबतीत मदत किती वेळात पोहोचते यावर सारे अवलंबून होते.

आणि मदत मागण्याचे साधनच बोटीवर नव्हते. ‘रामदास’वर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. ‘टायटॅनिक’नंतर १९१४ मध्ये, आणि पुन्हा १९२९ मध्ये, समुद्रावरील जीवितरक्षणाचे आंतरराष्ट्रीय करार झाले व प्रवासी जहाजांवर बिनतारी यंत्र बंधनकारक ठरले, पण हे करार एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांना लागू होते. देशातल्या देशात, किनाऱ्याने फिरणाऱ्या बोटी त्या कक्षेबाहेर राहिल्या. परिणामी ज्या उतारूस लंडनला जावयाचे होते त्याच्या जिवाची हमी अधिक आणि ज्यास रेवसला जावयाचे होते त्याची कमी, अशी स्थिती निर्माण झाली. जगातील अत्यंत गजबजलेल्या बंदरांपैकी एका बंदराच्या तोंडाशी, जेथे मदतीस जाऊ शकतील अशा कितीतरी नौका उभ्या होत्या, तेथून थोड्या मैलांवर शेकडो माणसे पाण्यात असताना मुंबईस त्याची वार्ताही नव्हती.

ती वार्ता आणली एका लहान मुलाने. जीवरक्षक कड्याच्या आधाराने तरंगत, दुपार उलटून गेल्यावर तो गेटवे ऑफ इंडियाजवळ किनाऱ्यास लागला, आणि त्याच्या सांगण्यावरून शहरास घटना कळली असे सर्व वृत्तान्त सांगतात. अमावास्येच्या सुमारास मुंबईत भरती दुपारच्या जवळपास पूर्ण होते; म्हणजे सकाळी साडेआठनंतर पाण्याचा ओघ बंदराच्या आत जाणारा असणार. ज्या प्रवाहाने त्या मुलास आत नेले, तोच प्रवाह त्या दिवशी मुंबई व काश्याचा खडक यांमधील संदेशवहनाचे एकमेव साधन ठरला, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रत्यक्ष मदत आली ती रेवसच्या कोळ्यांकडून. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या त्यांच्या होड्या योगायोगाने त्या बाजूने येत होत्या. समोरचे दृश्य पाहून त्यांनी होड्यांतील मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी माणसे भरली. सुमारे पाऊणशे लोक त्यांनी वाचविल्याचे सांगितले जाते. कोळ्याच्या दृष्टीने टाकून दिलेली मासळी म्हणजे त्या फेरीची सारी कमाई होती, आणि पावसाळ्यातील प्रत्येक फेरी जिवावरची असते. याखेरीज काही माणसे स्वतः पोहून किनाऱ्यास लागली. बोटीचा कप्तानही वाचलेल्यांत होता. तथापि वाचलेल्यांची नामावळी पाहता एक गोष्ट उघड होते : बोट, कंपनी, बंदर किंवा सरकार यांच्या कोणत्याही योजनेमुळे वाचलेला माणूस त्यांत जवळजवळ नाही. पोहण्याचे कसब, हाती लागलेले फळकूट, भरतीचा ओघ आणि कोळ्यांच्या होड्या, या चार गोष्टींनी माणसे वाचविली.

उपसंहार

पुढे महिन्याभरातच देश स्वतंत्र झाला आणि फाळणीच्या वार्तांनी वृत्तपत्रांचे रकाने व्यापले. अलिबाग, पेण, रेवस या टापूत मात्र ‘रामदास बोट’ हा शब्द एखाद्या सनावळीसारखा वापरात राहिला. एखाद्याचा जन्म किंवा लग्न ती बोट बुडण्याच्या आधीचे की नंतरचे, असे सांगण्याची रीत जुन्या पिढीत होती. ज्यांच्या घरची माणसे गेली व मृतदेह मिळाले नाहीत, त्यांना मृत्यूची तिथीच तेवढी निश्चितपणे ठाऊक होती.

त्यानंतर किनाऱ्याचे चित्र बदलले. रस्ते व पूल झाले; २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली; दक्षिण कोकणच्या प्रवासी आगबोटी त्यापूर्वीच मागे पडल्या होत्या. भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मार्च २०२० मध्ये वाहनांसह उतारू नेणारी रो-रो बोट सुरू झाली. गेटवे ते मांडवा या मार्गावरील लाँचसेवा पावसाळ्यात बंद ठेवली जाते. मुंबई बंदराचे मुख पावसाळ्यात समुद्रच असते, ही जाणीव या व्यवस्थेत आता उतरलेली आहे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली व १५ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी शंभराच्या आसपास माणसे वाचविता आली, कारण संदेश लगेच पोहोचला आणि जवळच्या नौका, तटरक्षक दल व नौदल यांची मदत थोड्या वेळात मिळाली. त्याच अपघाताने असेही दाखवून दिले की जीवरक्षक जाकिटे बोटीवर असणे आणि ती उतारूंच्या अंगावर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘रामदास’च्या अभ्यासातून निघणारे निष्कर्ष असे अद्याप जिवंत आहेत. प्रवासी बोटीची क्षमता ठरविताना माणसे हलतात हे गृहीत धरावयास हवे. मार्गाचे वर्गीकरण त्याच्या नावावरून नव्हे तर त्या ऋतूतील पाण्यावरून व्हावयास हवे. आणि बोटीवर चढलेल्या प्रत्येक माणसाची नोंद किनाऱ्यावर मागे राहावयास हवी. सातशे-आठशे माणसे घेऊन निघालेल्या बोटीवर नेमके कोण कोण होते याची यादी त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर कोणाजवळही नव्हती, आणि म्हणूनच त्या सकाळच्या मृतांचा आकडा कायमचा अनिश्चित राहिला आहे.